उतारावरचं घर: जमीन कापून की खांबांवर?

नागपुरात सेमिनरी हिल्सकडचा उताराचा प्लॉट म्हटला की आधी जेसीबी येतो. वरची जमीन कापायची, खालच्या अंगाला भरायची, झाली सपाटी. हे स्वस्त वाटतं, पण वाचलेला पैसा रिटेनिंग वॉलमध्ये, म्हणजे माती अडवणाऱ्या भिंतीत जातो. भिंतीमागे पावसाचं पाणी तुंबलं की मातीच्या दाबात पाण्याचा दाब मिसळतो आणि भिंत पुढे झुकते. म्हणून भिंतीत दीड-दीड मीटरवर 75 ते 100 मिमीचे पाइप, त्यांच्यामागे 300 मिमी गिट्टीचा थर, गिट्टी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड. भराव मुरुमाचाच, 200 मिमीच्या थरांत पाणी मारून धुमस केलेला. काळी माती भरलीत तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि फरशी उचलते. अर्धं घर खडकावर, अर्धं भरावावर टेकलं तर भिंतींना तिरक्या भेगा पडणारच.

खांबांवरच्या घरात झाडांची मुळं आणि पाण्याची वाट शाबूत राहते. आमचा कौल इकडेच. पाया मात्र काळी माती ओलांडून पक्क्या मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्या. वरच्या अंगाचे आखूड खांब ताठ असल्याने भूकंपात जास्त जोर ओढून घेतात. त्यांच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा पूर्ण उंचीभर 100 मिमीवर हव्यात. इथे काटकसर नकोच.

उन्हाळ्यात मात्र जमीन कापून बांधलेलं घर सरस, जमिनीला टेकलेली मागची भिंत गार राहते. खांबांवरच्या घराला मे महिन्याची झळ खालूनही लागते, तेव्हा स्लॅबखाली इन्सुलेशन आणि पश्चिमेला खोल ओसरी नकाशातच धरा.