घरचा पीसी, वर्कशॉपचा लॅपटॉप आणि एक्सप्रा: काही महिने वापरल्यावर

कोल्हापुरात राजारामपुरीत घरी उबुंटूचा डेस्कटॉप, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये आर्च टाकलेला जुना लॅपटॉप; दोन्हीकडे लिनक्सच. घरी चालणाऱ्या फ्रीकॅड (ड्रॉइंगचा प्रोग्रॅम) आणि लिबरऑफिसच्या खिडक्या तेवढ्या लॅपटॉपवर हव्यात, अख्खा डेस्कटॉप नको. एक्सप्रा हे त्यासाठीचंच सॉफ्टवेअर. घरचं मशीन पडून असताना क्लाउडला दर महिन्याला भाडं कोण देणार?

सुरुवात एसएसएचच्या (दूरच्या मशीनला सुरक्षित जोडणारा प्रोग्रॅम) एक्स फॉरवर्डिंगनं केली, म्हणजे तिकडच्या प्रोग्रॅमची खिडकी इकडे उघडायची. घरच्या वायफायवर झकास, बाहेरून मेनू उघडायलाही रडरड. लिनक्सच्या खिडक्या दाखवणारा एक्स प्रोटोकॉल बारीकसारीक गोष्टीला हेलपाटे घालतो, त्यामुळे लाइनचा स्पीड वाढवून फारसं काही होत नाही. दुखणं लेटन्सीचं, म्हणजे प्रत्येक हेलपाट्याला लागणाऱ्या वेळाचं आहे. तेही चालवून घेतलं असतं, पण ती २० मिनिटांची भानगड! एसएसएचला ‘-एक्स’ हा पर्याय देऊन जोडलं की २० मिनिटांनंतर नवा प्रोग्रॅम उघडतच नाही. आधीचे मजेत चालू, त्यामुळे शंका भलतीकडेच जाते. हे एसएसएचच्या ‘फॉरवर्डएक्स११टाइमआउट’ या सेटिंगचं काम. त्याला शून्य द्या नाहीतर ‘-एक्स’ऐवजी ‘-वाय’ वापरा. उबुंटूवरून जोडणाऱ्यांना हे जाणवणार नाही, कारण तिथे ‘-एक्स’ मुळातच ‘-वाय’सारखा वागतो. ‘-वाय’मध्ये पलीकडच्या प्रोग्रॅमला तुमच्या कीबोर्डवरही नजर ठेवता येते, म्हणून फक्त स्वतःच्या मशीनसाठी.

एवढं करून लाइन तुटली की प्रोग्रॅमही गेला, सेव्ह न केलेल्या ड्रॉइंगसकट. वळवाच्या दिवसांत हे परवडत नाही.

एक्सप्रानं माझं मत इथेच फिरवलं. प्रोग्रॅम घरच्या मशीनवरच्या आभासी डिस्प्लेत चालतो, लॅपटॉपवर नुसती चित्रं येतात. नेट गेलं तर जाऊ दे. परत ‘अटॅच’ केलं, म्हणजे चालू सेशनला जोडलं, की कर्सर होता तिथेच. अट एकच, प्रोग्रॅम सुरुवातीपासून एक्सप्रामध्ये चालू केलेला हवा. डेस्कटॉपवर आधीच उघडलेली खिडकी त्यात ओढता येत नाही. उबुंटूच्या भांडारातली (सॉफ्टवेअर रिपॉझिटरी) आवृत्ती जुनी असते, म्हणून एक्सप्राच्या स्वतःच्या भांडारातून घ्या आणि दोन्हीकडे शक्यतो एकच ठेवा. आवाज पाठवणं बंद करा, उगाच डेटा खातं. फ्रीकॅडचा थ्रीडी भाग अडखळतो, तो ‘व्हीजीएलरन’ लावून म्हणजे व्हर्च्युअलजीएलमधून चालवा; मग घरचं ग्राफिक्स कार्ड कामाला लागतं.

आता नेटवाल्याबद्दल. बाहेरून घरच्या मशीनपर्यंत पोचायला राउटरवर पोर्ट उघडावं लागतं. हे पोर्ट फॉरवर्डिंग होईना म्हणून तक्रार केली, तर उत्तर काय, “राउटर बदला.” राउटर ठणठणीत! त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) पानावरचा आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे नेटवाल्यानं अनेक गिऱ्हाइकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून दिलाय; पोर्ट उघडून काही होणार नाही. स्टॅटिक आयपीचे (स्वतःचा कायमचा पत्ता) जादा पैसे न देता टेलस्केल टाकलं, ते आपली मशीनं खासगी नेटवर्कनं जोडतं; काम भागलं. त्याचे पत्तेही त्याच पट्ट्यातले, म्हणून गोंधळू नका.

विजेचं मात्र एक्सप्रालाही जमत नाही. डेस्कटॉप बंद पडला की सेशन संपलं. बायोसमध्ये ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ ठेवा, म्हणजे लाइट आली की मशीन आपोआप उठेल. वेक-ऑन-लॅनच्या (नेटवर्कवरून मशीन चालू करण्याची सोय) भरवशावर राहू नका. बरेच मदरबोर्ड लाइट जाऊन आल्यावर एकदा चालू केल्याशिवाय त्याला दाद देत नाहीत. डेस्कटॉप यूपीएसवर असेल तर फायबरच्या डब्याला आणि राउटरलाही मिनी यूपीएस लावा. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा; बहुतेक राउटर १२ व्होल्टचे, पण सगळे नाहीत.