डोमेन ट्रान्स्फर करून काही महिने झाले: रजिस्ट्रार बरा, टीएक्सटीचा रकाना भिकार

पहिल्या वर्षी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वस्तात द्यायचं आणि रिन्यूअलला खिसा कापायचा, हा माझ्या जुन्या रजिस्ट्रारचा, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीचा, धंदा. वर प्रायव्हसीचे, म्हणजे मालकाचं नाव-पत्ता लपवण्याचे, वेगळे पैसे. शेवटी वैतागून डॉट कॉम दुसरीकडे नेलं. ट्रान्स्फरचे पैसे वाया जात नाहीत, मुदत एक वर्षाने वाढते. रिन्यूअलच समजा.

जुन्यांनी जाता जाता छळलंच. डोमेन हलवायला लागणारा गुप्त ऑथ कोड म्हणे ‘ईमेलने पाठवू’. डोमेनांवर देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे तो पाच दिवसांत द्यावा लागतो, यांनी बरोबर पाचव्या दिवशी दिला. ट्रान्स्फर टाकल्यावर पुन्हा पाच दिवस गप्प. तेवढ्यात नकार आला नाही की डोमेन आपोआप सुटतं, तसं सुटलं.

ट्रान्स्फरमध्ये नेमसर्व्हर (डोमेनची साइट, मेल कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) बदलत नाहीत, पण जुन्यांचं फुकटचं डीएनएस, म्हणजे हीच माहिती सांगायची सेवा, कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणून त्या माहितीच्या सगळ्या नोंदी, म्हणजे रेकॉर्ड, नव्या रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये भरायला घेतले. ए, एमएक्स, सीनेम या प्रकारचे रेकॉर्ड पटापट झाले. मग आला डीकिमचा टीएक्सटी, म्हणजे मेल खरंच आपल्या डोमेनवरून आलाय हे तपासायची की (सांकेतिक किल्ली) ठेवणारा मजकुराचा रेकॉर्ड. २०४८ बिटांची की एका स्ट्रिंगमध्ये मावत नाही, कारण स्ट्रिंगची मर्यादा २५५ अक्षरांची. चांगली पॅनेलं तिचे तुकडे स्वतःच करतात. हे महाशय शेपूट कापून टाकतात आणि वर ‘सेव्ह झालं’ अशी हिरवी पट्टी दाखवतात! मेल जातात, पण थेट स्पॅममध्ये. सपोर्टला स्क्रीनशॉट पाठवला, तर उत्तर काय, ‘आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय.’ शेवटी कीचे दोन तुकडे केले, दोन्हींना वेगवेगळी अवतरणचिन्हं दिली, मध्ये एक स्पेस सोडली, तेव्हा कुठे चाललं.

त्या दिवशी एकच तारा दिला असता. तिथूनही पळालो असतो, पण ट्रान्स्फरनंतर ६० दिवस लॉक असतो, डोमेन पुन्हा हलवता येत नाही.

आता मत बदललंय. रिन्यूअलचा भाव घेताना दाखवला तोच आहे, प्रायव्हसी फुकट, आणि ऑथ कोड पॅनेलमध्ये मागताक्षणी मिळतो. जाणाऱ्याला अडवत नाहीत म्हणून राहावंसं वाटतं.

रकाना मात्र तसाच. परवा की बदलली, पुन्हा शेपूट गायब. तुम्ही येणार असाल तर टीएक्सटी सेव्ह केल्यावर डिग या डीएनएसचे रेकॉर्ड दाखवणाऱ्या कमांडने शेवटची अक्षरं जुळवून बघा. डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करणारी सोय) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी त्या सहीची की ओळखणारा जुना डीएस रेकॉर्ड काढा. पाचपैकी चार तारे. पाचवा रकाना दुरुस्त केल्यावर.