सोलर कॅमेरा, बंद घर आणि अकरा चाव्या

माझ्याकडे अकरा घरांच्या चाव्या आहेत. देवगड-विजयदुर्ग रस्त्यापासून जरा आत आमची वाडी, घरं चौतीस. त्यातल्या अकरा घरांत एरवी दिवा लागत नाही. गणपतीला आणि मे महिन्यात सगळी उघडतात, मग पुन्हा कुलपं. जाताना जो तो चावी माझ्याकडे देऊन जातो, कारण मी ३६ वर्षं गावच्या पोस्टात शाखा डाकपाल होते. लोकांची मनीऑर्डर जिने खाल्ली नाही ती त्यांचे फणस काय खाणार, असा त्यामागचा हिशेब. (फणस मी खाते. सांगून खाते.)

गेल्या वर्षी मे महिन्यात डोंबिवलीच्या पुतण्याने शेजारच्या मूळ घराला उन्हावर चालणारे, सिमकार्डवाले दोन कॅमेरे लावले. एक पडवीच्या वाशाला, खळ्याकडे म्हणजे पुढच्या अंगणाकडे तोंड करून; दुसरा विहिरीवर. चौदा महिने झाले. एक आख्खा पावसाळा गेला, दुसरा सुरू आहे. वाडीतले तिघे-चौघे आता विचारतात, काकी, घेऊ का? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तसंही पेटीवर एक नाव, ॲपवर दुसरं, आणि तक्रारीला फोन लावला तर उचलणारा तिसरंच सांगतो. दोन कॅमेरे मिळून तेरा हजारांच्या आसपास पडले. वर दोन सिमचा महिन्याचा रिचार्ज. तो पुतण्या करतो, पण हिशेब माझ्या वहीत आहे: वर्षभराचा रिचार्ज एका कॅमेऱ्याच्या किमतीजवळ जातो. घेताना हे कोणी सांगत नाही.

लावायला वायरमन लागला नाही, शिडी आणि ड्रिल पुरलं. पण आमच्याकडे रेंज एकाच कंपनीची, तीही सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या बाजूला. त्यामुळे कॅमेरा हवा तिथे न बसता रेंज होती तिथे बसला. त्याला खळं, तुळस, बेडा (कुंपणाचं फाटक) आणि पाणंदीचा एक तुकडा दिसतो. मागीलदार दिसत नाही. कोकणात चोर पुढच्या दाराने येतो असं ज्याला वाटतं त्याने कोकणातलं घर बघितलेलंच नाही. मागे न्हाणी, त्यामागे माड-पोफळी, मग गडगा (दगडांचं कुंपण) आणि पलीकडे रान. कोणीही यावं.

पहिले पंधरा दिवस पुतण्याला झोप नव्हती. काही हललं की फोनवर ‘माणूस आढळला’ असं येतं. दिवसा हा माणूस म्हणजे वानर. रात्री कधी उदमांजर, कधी सुटलेली म्हैस, आणि एकदा कॅमेऱ्याच्या काचेवरच जाळं विणणारा कोळी, जो फोनवर मोटारीएवढा दिसत होता. रात्री दोन वाजता फोन: “काकी, खळ्यात कोण तरी आहे!” मी बॅटरी घेऊन बाहेर. पुढे त्याने ॲपमधली संवेदनशीलता कमी केली, मी दर रविवारी काच पुसायला लागले, आणि आमची दोघांची झोप परत आली. तर पहिली सूचना ही: तुम्ही मुंबईत आणि कॅमेरा गावात असेल, तर काच पुसणारं माणूस गावात लागतं.

खारा वारा हा दुसरा विषय. पेटीवर आयपी ६६ लिहिलंय, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जाणार नाही. ते खरं निघालं, आत पाणी गेलं नाही. पण सोबत आलेले स्क्रू सहा महिन्यांत गंजून लाल झाले आणि दिवाळीत विहिरीवरचा कॅमेरा मान टाकून आकाश बघत होता.

आता पावसाळा. जुलैत आमच्याकडे चार-चार दिवस ऊन पडत नाही, आणि पॅनेलवर फणसाची पानं चिकटतात ती वेगळीच. तरी नुसतं राखणीला ठेवला तर कॅमेरा तग धरतो, कारण काही हलेपर्यंत तो झोपलेला असतो. पण आमच्या सूनबाईला, पुतण्याच्या बायकोला, पावसाचं वेड. जन्म भांडुपचा, खळ्यातला पाऊस लग्नानंतर बघितलेला. ती संध्याकाळी लोकलमध्ये उभी राहून फोनवर आमच्या खळ्यातली पागोळी बघायची. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, आवाजासकट. मला हे माहीत नव्हतं. तिनेही कोणाला सांगितलं नव्हतं. बॅटरी मात्र रोज उतरत होती.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, तीन दिवस संततधार चालू असताना, मी सकाळच्या फेरीला मागीलदारी गेले. दाराच्या उंबऱ्यावर ओलं पान. पाऊस पुढून झोडपत होता, मागे कोरडं हवं. पान कोणाच्या तरी पायाला लागून आलेलं. कडी वरवर लावलेली, कोयंडा उचकटलेला. आत विहिरीच्या पंपाची केबल गुंडाळून ठेवली होती ती गेली, आणि माजघरातलं तांब्याचं घंगाळ गेलं. कॅमेऱ्यात काय? काही नाही. आदल्या रात्री साडेनऊला बॅटरी संपून तो गप्प झालेला. शेवटचं चित्र पागोळ्यांचं.

घंगाळ दुपारी सापडलं, गडग्यापलीकडे करवंदीच्या जाळीत. नेणाऱ्याला जड झालं असावं. केबल गेली ती गेली. तांब्याला भंगारात भाव आहे, त्यामुळे आमच्याकडे घरफोडी म्हणजे दागिने नव्हेत. ते कोणी बंद घरात ठेवतच नाही. जातात ती तपेली, समया, पंपाची केबल, मोसमात काजूबियांची पोती आणि आंब्याचे क्रेट. पोस्टाची कॅश घेऊन मी एवढी वर्षं पाणंदीने एकटी चालले, कोणी आडवा आला नाही. गाव वाईट नाही. गावात बघणारं कोणी उरलं नाही.

गणपतीला सगळे आले तेव्हा सूनबाईने मला सहज विचारलं, “काकी, परवा दुपारी तुम्ही चाळीस मिनिटं आत होतात ना?”

तिच्या मनात काही नव्हतं. गाद्यांना ऊन दिलं होतं, तेच तिला विचारायचं होतं. पण वाक्य कानात बसलं. इतकी वर्षं चाव्या माझ्याकडे आहेत, कोणी मिनिटं मोजली नव्हती. दोन दिवस मी त्या घरात गेले नाही. मग वाटलं, केबल गेली तेव्हा वाडीत एकाने ‘चावी कोणाकडे असते?’ म्हणून विचारलं होतं, तेव्हा हाच कॅमेरा चालू असता तर तो माझा साक्षीदार झाला असता. चावी ठेवणाऱ्याला कॅमेऱ्याचा फायदा आहे, आणि तो घशाखाली उतरायला वेळ लागतो. आता मी आत जाताना कॅमेऱ्याकडे बघून मोठ्याने सांगते: गाद्या काढते, अर्धा तास. पोस्टाचा शिक्का मारावा तसं.

जानेवारीत तो एकदा खरोखर कामाला आला. रात्री २.५२ ला पाणंदीत टेम्पो थांबला, दोघे उतरून विहिरीकडे आले. कॅमेऱ्याचा पांढरा दिवा पेटला, भोंगा वाजला, ते मागे फिरले. आमचं काही गेलं नाही; पुढच्या बागेतली साठ फूट केबल त्याच रात्री गेली. भोंगा ऐकून पळत आला तो शेजारच्या कलमांच्या राखणीला असलेला नेपाळी पोरगा, हातात टॉर्च आणि काठी. माझ्यासाठी खरी सुरक्षा ती. पोलीस पाटील दुसऱ्या दिवशी आले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, “काकी, ह्यो सगळा बघता, पण धावतलो कोण?”

चित्रात टेम्पोची नंबरप्लेट म्हणजे पांढरा गोळा. रात्री हेडलाइट आणि कॅमेऱ्याचा दिवा समोरासमोर आले की असंच होतं, सगळ्या स्वस्त कॅमेऱ्यांत. पण हवालदार म्हणाले, वेळ कळली हे खूप. त्या वेळेवरून पुढच्या रस्त्यावरचे कॅमेरे बघता येतात. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या कंपनीच्या पुस्तिकेत नाहीत. एक, चित्रण लगेच काढून ठेवा, नाहीतर कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं चढतं. दुसरी, कोर्टात ते पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं: कुठल्या उपकरणातून, कोणी, कसं काढलं. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या तुकड्याने काम भागत नाही. आम्ही आधी तो वाडीच्या ग्रुपवर टाकला होता, अर्थातच. तासाभरात टेम्पो कोणाचा यावर तीन मतं आणि एक भांडण झालं.

मार्चमध्ये शिमगा. होळीच्या आदल्या रात्री वाडीतली पोरं आली आणि मोडका बेडा होळीत घालायला घेऊन गेली. जाताना दोन माडांची शहाळीही उतरवली. शिमग्यात ही चोरी धरत नाहीत, लाकूड-शहाळं उघड्यावर ठेवलं ही मालकाचीच चूक. पुतण्या जागा होता. त्याने स्पीकरवरून डोंबिवलीहून दम भरला, “कोण रे ते?” पोरं कॅमेऱ्यासमोर ओळीने उभी राहिली आणि तोंडावर हात मारून त्यांनी अशी काही बोंब ठोकली की बस. दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय उत्तम आहे, त्यामुळे ती सोसायटीत शेजाऱ्यांनाही ऐकू गेली.

सकाळी तो मला म्हणाला, तक्रार देतो, चेहरे स्पष्ट आलेत. मी म्हटलं, दे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे. पाच हजारांखालची चोरी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा किंमत परत केली, तर कलम ३०३ मध्ये समाजसेवेची शिक्षा आहे. ती पोरं गणपतीत तुझ्या घराचा रस्ता साफ करतात, तुझा गणपती विसर्जनाला खांद्यावर नेतात. अजून कोणती समाजसेवा पाहिजे? मग हसला. बेडा नवीन केला, लोखंडी.

एक गोष्ट या कॅमेऱ्याच्या कक्षेतच नाही, ती सांगते, कारण वाडीत सगळ्यात जास्त पैसे तिथूनच गेले. शेजारच्या माईला मेसेज आला, वीजबिल थकलंय, रात्री वीज तोडणार, या नंबरवर बोला. तिने बोलून, सांगितलेलं ॲप घेऊन ३८ हजार घालवले, पडवीत बसून, कॅमेऱ्यापासून वीस हातांवर. तिने मला सांगितलं तिसऱ्या दिवशी, लाजेने. तोपर्यंत पैसे कुठच्या कुठे. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, पहिल्या तासात फोन करायला हवा होता. आता तो नंबर आणि ११२ असे दोन्ही मी घराघरात कॅलेंडरवर खडूसारख्या जाड पेनने लिहून आले आहे. त्या जाड पेनला चाळीस रुपये पडले.

माझं माहेर वेंगुर्ला तालुक्यातलं, आरवलीच्या जवळ. तिथला वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात असं सांगतात. लहानपणी मी त्या चपलांचे तळवे निरखून बघायची. आता पुतण्याला सांगितलं, कॅमेरा राहू दे, पण विहिरीवरच्या सिमचा रिचार्ज बंद कर. ते पैसे मोसमात त्या नेपाळी पोराला दे, तो रात्री अकराला आणि तीनला आपल्या मागीलदारावरून एक फेरी मारील. त्याने मान्य केलं. बाकीच्या चार घरांनीही शंभर-शंभर काढले. पोरासाठी चपला मी घेतल्या, रबरी, कणकवलीच्या बाजारातून.

तर घ्यावा का? घरात रोज फेरी मारणारं कोणी असेल तर एक घ्या, मागच्या दाराकडे तोंड करून, रेंज आधी तपासून. फेरी मारणारं कोणी नसेल तर घेऊ नका; चोरी झाल्याचं तुम्हाला मुंबईत आधी कळेल, एवढंच. बॅटरी बाहेरून मोठी जोडता येणारा मॉडेल बघा. पाच पैकी तीन तारे देते. त्यातला एक सूनबाईच्या पावसाचा आहे; आता ती फक्त रविवारी बघते, ऊन पडलेलं असेल तर, म्हणजे जुलैत जवळजवळ नाहीच.

स्क्रू मात्र स्टेनलेस स्टीलचे वेगळे विकत घ्या.