मुलांचं लाकडी खेळघर नाव घालून मागवताय? आमचे ३२,७०० रुपये असे गेले

बागेत ठेवायचं लाकडी खेळघर, दारावर लेकीचं नाव, भिंतीवर मोर, निळ्या खिडक्या. एवढंच हवं होतं. त्यापायी ३२,७०० रुपये गेले आणि अंगणात नुसता चौथरा उरलाय.

पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: सोशल मीडियावरचं देखणं पान, निम्मे पैसे आगाऊ, मग थोडे जादा, मग ‘परत मिळणारी ठेव’, मग फोन बंद. मलाही ठाऊक होती. ओटीपी मी कुणाला देत नाही, अनोळखी लिंक उघडत नाही. पण या माणसाने कसलीच घाई केली नाही. मुलीची उंची विचारली, आवडता रंग विचारला, बोटं चेमटू नयेत म्हणून बिजागरीकडे फट ठेवू का, हेसुद्धा विचारलं. असं विचारणारा माणूस काम जाणतो, असंच कुणालाही वाटेल. माझे मिस्टर सिव्हिल इंजिनिअर आहेत, त्यांनीही कोटेशन बघून होकार दिला.

किंमत ठरली ३८,५००. आगाऊ १९,२५०. मग सजावटीचे वेगळे: उठावाच्या लाकडी अक्षरांची पाटी २,४००, मोराचं चित्र ३,२००, ‘बिनशिशाचा खास रंग’ १,८५०. या रंगाचे जादा पैसे कुणी मागितले तर तिथेच थांबा. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको, हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून आहे, मग त्याचे वेगळे पैसे कसले? शेवटी वाहतुकीची ठेव ६,०००.

नाव घातलेली वस्तू दुसऱ्याला विकता येत नाही, म्हणून माल हाती आल्यावर पैसे चालणार नाहीत आणि ऑर्डर रद्दही होणार नाही, असं त्याने आधीच सांगून ठेवलं. पटण्यासारखंच होतं ते! नाव हवंच असेल तर घर अंगणात आल्यावर गावातल्या पेंटरकडून घालून घ्या.

आणि तो फोटो. ठेव भरायच्या आधी त्याने ‘तयार झालेल्या’ घराचा फोटो पाठवला. लाल छप्पर, डावीकडे निळी खिडकी, दारावर लेकीचं नाव. ती नाचायलाच लागली. सासूबाईंनी फोन हातात घेतला आणि म्हणाल्या, “अगं, अक्षरं कापून लावलीत ना? मग सावली का नाही पडली?” छपराची सावली भिंतीवर स्पष्ट होती, अक्षरांची नव्हती. फळ्यांमधल्या खाचासुद्धा अक्षरांवरून सरळ गेलेल्या दिसत होत्या, म्हणजे नाव नुसतं फोटोवर चढवलेलं. मी म्हटलं, फोनच्या कॅमेऱ्यात असं होतं. आणि त्यांच्यासमोरच ६,००० पाठवले. तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. पण लेक समोर नाचत असताना सावल्या कोण तपासतं?

आणखी फोटो मागण्याऐवजी व्हिडिओ कॉलवर वस्तूला हात लावून दाखवायला सांगा. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येतो. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. आमच्या कोटेशनवर पत्ता पुण्याजवळच्या भोसरीचा आणि क्रमांक ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. तो निघाला कुठल्याशा कापड व्यापाऱ्याचा. चुलतभाऊ भोसरीला जाऊन आला, त्या गाळ्यात स्प्रिंगा बनतात.

आता यंत्रणेचं ऐका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, पोचक्रमांक मिळाला, पुढे काही नाही. पोलीस ठाण्यात आधी म्हणाले, “माल उशिरा येतोय, वाट बघा.” मग म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे. मग म्हणाले, खातं परराज्यातलं आहे, तिकडे जा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी तक्रार नोंदवून घ्यायची असते. हे मी सांगितलं तर साहेब म्हणाले, “ताई, कायदा आम्हाला शिकवू नका.” शेजारच्या हवालदाराने विचारलं, खेळण्यातल्या घराला एवढे पैसे? तिथे बसलेले सगळे माझ्याकडे बघत होते. चोरी माझी झाली आणि मान मी खाली घालायची!

बँकेचं उत्तर: पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. त्या खात्यात २,१५० रुपये गोठवलेत म्हणे, पण सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, पण नोटीस बजावायला समोरच्याचा खरा पत्ता लागतो. तो पोलिसांनी शोधायचा, आणि पोलीस गुन्हाच नोंदवत नाहीत. मग सामान्य माणसाने जायचं कुठे? पैसे गेले की त्याच तासात १९३० ला फोन करा आणि ठाण्यातून लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नका.

नणंदेला अजून सांगितलेलं नाही. लेकीला सांगितलंय की सुतारकाका आजारी आहेत.

काल तेच घर वेगळ्या नावाच्या पानावर दिसलं, दारावर दुसऱ्याच मुलीचं नाव, किंमत ४२,०००. मी खाली लिहिलं, तर मला ब्लॉक केलं. लाल छप्पर, डावीकडे निळी खिडकी, दारापुढे पांढरी पायरी, आणि अक्षरांना सावली नाही. हा फोटो तुम्हाला आला तर एक रुपयाही पाठवू नका.