फुलांचं शुभेच्छापत्र: आधी मास्किंग की एम्बॉसिंग?

कासच्या पठारावरची फुलं तोडायला बंदी आहे, ते योग्यच. पण दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर तेरडा किंवा गेंद हवाच असेल, तर ठसा घेऊन बसावं लागतं. मग प्रश्न पडतो, सामान मास्किंगचं (छापलेलं फूल झाकून त्याच्या मागे दुसरं छापण्याचं) आणायचं की एम्बॉसिंगचं (फूल कागदावर उठावदार करण्याचं)?

माझं मत मास्किंगच्या बाजूचं. ठसा, इंक पॅड, कात्री आणि स्टिकी नोट एवढ्यावर ते भागतं. ठसाही नसला तर भेंडी आडवी चिरा, काप पुसून कोरडा करा, छान पाच पाकळ्या उमटतात. यातली गंमत म्हणजे क्रम उलटा असतो: जे फूल पुढे दिसायला हवं, ते आधी छापायचं. तेच फूल स्टिकी नोटवर, चिकट पट्टीच्या जागी छापून कापायचं आणि पहिल्या फुलावर झाकण म्हणून लावायचं. आता दुसरं फूल निम्मं त्या झाकणावर येईल असं छापा. झाकण काढलं की दुसरं फूल आपोआप मागे गेलेलं दिसतं. एकाच ठशातून तेरड्याचा अख्खा ताटवा उभा राहतो. कात्री मात्र रेघेच्या किंचित आतून चालवा. बाहेरून कापलंत तर दोन फुलांमध्ये पांढरी फट राहते आणि ती लपत नाही.

हीट एम्बॉसिंगचा थाट वेगळा. सावकाश वाळणाऱ्या चिकट शाईने ठसा मारायचा, वर एम्बॉसिंग पावडर घालायची, जादाची झटकून परत डबीत भरायची आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, वितळवायची. केस वाळवायचा ड्रायर इथे कामाचा नाही. त्याची उष्णता कमी पडते आणि वाऱ्याने पावडर उडते. म्हणजे हीट गनचा खर्च आलाच. साताऱ्याच्या पावसाळ्यात कागद दमट होतो, मग पावडर नको तिथेही चिकटते. आधी टाल्कम पावडरची पुरचुंडी कागदावरून हलकेच फिरवली तर बराच फरक पडतो. पण गडद निळ्या कार्डावर पांढरा गेंद हवा असेल, तर याला तोड नाही. साधी पांढरी शाई तिथे फिकी पडते, वितळलेली पावडर उठून दिसते. शिवाय त्यावर जलरंग ठरत नाही, त्यामुळे फिकट रंगाच्या कार्डावर पांढऱ्या पावडरीने फूल उठवून वरून बिनधास्त रंग फिरवता येतो.

कोरडं एम्बॉसिंग सगळ्यांत स्वस्त: खिडकीच्या काचेवर स्टेन्सिल, त्यावर कार्ड आणि मागून रिकाम्या बॉलपेनने कडा दाबायच्या. अक्षरं असतील तर स्टेन्सिल उलटी लावा. २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा कागद हाताने दबतो, ३०० जीएसएमला बोटं दुखतात. दिसायला देखणं, पण टपालाने पाठवलं तर उठाव दबू शकतो.

मास्किंग आणि हीट एम्बॉसिंग एकाच कार्डावर आणायचा मोह पहिल्यांदा आवरा. एम्बॉसिंगची शाई ओलीच राहत असल्याने त्यावर झाकण लावलं की ती फिसकटते. आधी वितळवून घेतली तर उठावामुळे झाकणाची कड नीट बसत नाही. करायचंच असेल तर ताटवा लवकर वाळणाऱ्या शाईने मास्किंग करून छापा, तो पूर्ण वाळू द्या आणि पावडर फक्त मोकळ्या जागेतल्या ‘शुभ दीपावली’ या अक्षरांना वापरा. हीट गन लावण्याआधी सगळी झाकणं काढलेली असू द्या, नाहीतर गरम झालेला डिंक कागदाला धरून बसतो.

वीस-तीस कार्डं करायची असतील तर मास्किंगच. एकच कार्ड, तेही जपून ठेवणाऱ्या आत्याला द्यायचं असेल, तर हीट गन कुणाकडून तरी मागून आणा.