बेळगावच्या टिळकवाडीतला सॉफ्टवेअर टेस्टिंग क्लास: शनिवार वसूल, रविवार झोपा काढा

नाव लिहीत नाही, कारण माझं सर्टिफिकेट अजून त्यांच्याकडंच अडकलंय 😄 तीन महिने, शनिवार-रविवार, फी १४ हजार दोन हप्त्यात. मी खानापूरहून यायचे, कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळं बायकांना सरकारी बसला शून्य तिकीट, म्हणजे खर्च काय तर फी आणि मधल्या सुट्टीतला चहा.

आधी रविवारचं सांगते. मॅडम स्वभावानं चांगल्या पण शिकवणं सगळं पीपीटीवर. आधी रिक्वायरमेंट, मग डिझाईन, मग कोडिंग आणि सगळ्यात शेवटी टेस्टिंग, म्हणजे लग्नात सगळे जेवून गेले की भांडी मोजायला बसतो तो टेस्टर. सिव्हिअरिटी (बग किती गंभीर) आणि प्रायॉरिटी (तो किती लवकर दुरुस्त करायचा) यातला फरक पाठ करा, ब्लॅक बॉक्सची (आतला कोड न बघता टेस्टिंग) व्याख्या पाठ करा. इंटरव्ह्यूला उपयोगी पडतं, नाही म्हणत नाही. आयएसटीक्यूबी फाउंडेशन या टेस्टरांच्या सर्टिफिकेट परीक्षेची तयारी पण करून घेतात, ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ बरोबर पाहिजेत. पण परीक्षा आपल्या मातृभाषेत नसेल तर १५ मिनिटं जास्त मिळतात हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही, मला बाहेरून कळलं. एवढी फी घेता तर एवढं तरी सांगा की.

आता शनिवार. हे सर पुण्याच्या कंपनीचं काम बेळगावात घरून करतात आणि शनिवारी शिकवायला येतात, मराठी कन्नड इंग्रजी सगळं एकाच वाक्यात. पहिल्याच दिवशी २०२० चं स्क्रम गाईड (स्क्रम म्हणजे छोट्या टीमनं छोट्या टप्प्यांत काम करायची पद्धत) उघडायला लावलं आणि म्हणाले, यात टेस्टर कुठाय दाखवा. शोधशोध शोधलं. काय बनवायचं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर आहे, पद्धत नीट पाळली जाते का बघणारा स्क्रम मास्टर आहे, डेव्हलपर्स आहेत, संपलं. निपाणीचा एक पोरगा म्हणाला, "म्हणजे आमची नोकरी शिकायच्या आधीच गेली की सर." सर हसले, म्हणाले पद लिहिलेलं नाही, काम कुठं गेलंय? ते सगळ्या टीमच्या अंगावर आलंय, आणि त्यातलं ज्याला जास्त कळतं त्यानं पहिल्या दिवसापासून बसायचं.

हे मला तेव्हा नुसतं बोलायला बरं वाटलं, खरं कळलं ते मॉक स्प्रिंटमध्ये, म्हणजे सरावाच्या दोन आठवड्यांच्या टप्प्यात. प्रोजेक्ट काय, तर मिठाईच्या दुकानातून कुंदा ऑनलाईन मागवायचं पेज. कोड लिहायच्या आधी प्रॉडक्ट ओनर, डेव्हलपर आणि टेस्टर अशा तिघांना एकत्र बसवलं, याला थ्री अमिगोज म्हणतात म्हणे. टेस्टर मी. मी म्हटलं सर अजून काही बनलंच नाही तर टेस्ट काय करू? म्हणाले, प्रश्न विचार. मग मी आपलं घरचंच विचारलं, पाव किलो देणार का? डेव्हलपरच्या डोक्यात वजन म्हणजे एक, दोन, तीन किलो, पाव किलोचा विचारच नव्हता. मग पत्ता, कुणी बेळगाव लिहिलं तर? बेळगावी लिहिलं तर? नाव २०१४ ला बदललं पण आमच्या घरात आजही बेळगावच. आणि नाव कन्नडमध्ये टाकलं तर? तो फक्त ए टू झेड घेणार होता. अर्ध्या शहराची नावं बाहेरच राहिली असती! हे सगळं अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियात (काम झालं कधी म्हणायचं त्या अटींत) गेलं, एक ओळ कोड न लिहिता तीन बग गेले.

दुसरा स्प्रिंट मात्र पार आपटला. डेव्हलपर लोक गुरुवारपर्यंत कोडच लिहीत बसले आणि शुक्रवारी संध्याकाळी जिराच्या (कामांची कार्डं लावायचा ऑनलाईन बोर्ड) टेस्टिंग कॉलममध्ये सात कार्डं एकदम माझ्या नावावर. मी चिडले, ते म्हणाले आमचं काम झालं. सर आठवडाभर गप्प होते, सगळं दिसत असून. रेट्रोला, म्हणजे स्प्रिंट संपल्यावरच्या काय चुकलं बघायच्या बैठकीत, फक्त म्हणाले की हे तुमचं रविवारचंच झालं, नुसतं दोन आठवड्यात कोंबलेलं. मग आम्हीच ठरवलं, कार्डं बारीक करायची, टेस्टिंगमध्ये एकावेळी दोनच, तिसरं आलं तर ज्यानं कोड लिहिलाय त्यानं हातातलं ठेवून माझ्याशेजारी बसायचं. पहिल्या दिवशी तोंडं वाकडी केली सगळ्यांनी, नंतर जमलं.

तक्रारी पण आहेत. ब्रोशरवर सेलेनियम (वेबपेज आपोआप टेस्ट करायचं टूल) एवढ्या मोठ्या अक्षरात, प्रत्यक्षात चार लेक्चर आणि तेवढंच ते लॉगिन पेज. बटणाचा आयडी बदलला की सगळ्या स्क्रिप्टा लाल. खाली भरपूर युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या तुकड्यांच्या) आणि वर स्क्रीनवरच्या मोजक्या, असा पिरॅमिड सरांनी फळ्यावर काढला होता, पण लॅबमध्ये नुसतं वरचं टोक. मशीन १२, आम्ही २०. लाईट गेली की इन्व्हर्टरवर फॅन चालतात, कॉम्प्युटर नाही. आणि ते '१०० टक्के प्लेसमेंट' मनावर घेऊ नका, माझ्या बॅचमधल्या बहुतेकांना पुण्या-बेंगळुरूचे कॉल आले आणि तेही स्वतःच्या खटपटीनं.

मला एका इंटरव्ह्यूत विचारलं की स्प्रिंट प्लॅनिंगला टेस्टरचं काय काम, मी पाव किलो कुंद्याची गोष्ट सांगितली, तर समोरचे सर दहा मिनिटं कुंदा कुठला चांगला हेच विचारत बसले. दुसऱ्या राउंडला बोलावलंय.

माझ्याकडून साडेतीन स्टार. डेमो लेक्चर फुकट असतं, पण मागताना शनिवारचंच मागा, नुसतं डेमो म्हटलात तर रविवारची पीपीटी दाखवून फॉर्म भरून घेतात.