ड्रिप रेटची मोफत अ‍ॅप्स: वापरा, पण आधी सेटिंग बघा

पुण्यातल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलमध्ये हल्ली एक तरी ड्रिप रेट (सलाईनचे मिनिटाला किती थेंब) कॅल्क्युलेटर असतोच. गणित झटपट होतं, नेट लागत नाही. घोळ होतो तो ड्रॉप फॅक्टरमध्ये, म्हणजे सेटचे किती थेंब मिळून १ मिली होतं त्या आकड्यात. बरीच अ‍ॅप्स परदेशी असल्याने आत १० किंवा १५ आधीच भरलेलं असतं. आपल्याकडचा साधा आयव्ही सेट बहुधा २० थेंबांना १ मिलीचा, बारीक थेंबांचा मायक्रोड्रिप ६० चा. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचंय, तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. अ‍ॅपमध्ये १५ राहिलं तर उत्तर येतं १६, आणि बाटली संपायला जवळपास साडेदहा तास लागतात! म्हणून सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचूनच भरा, आणि उत्तर एकदा कागदावर ताडून बघा. परीक्षेत मोबाईल नसतोच.

औषधांच्या परदेशी अ‍ॅप्समध्ये नावांची गंमत, औषध तेच पण नाव वेगळं: पॅरासिटामॉल शोधाल तर अ‍ॅसिटामिनोफेन, अ‍ॅड्रिनलिनऐवजी एपिनेफ्रिन. शुगर मिलिमोलमध्ये दिसली तर १८ ने गुणा, म्हणजे आपल्या सवयीचा mg/dL आकडा मिळतो. डोस मात्र डॉक्टरांची ऑर्डर आणि वॉर्डचा प्रोटोकॉल पाहूनच.

वॉर्डात फोन चालतो का, हे सिस्टरांना आधी विचारा. ग्लोव्ह्ज घालून स्क्रीनला हात लावू नका, फोन ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने पुसा. पेशंटचा चार्ट ग्रुपवर टाकणं तर साफ चूक, नाव झाकलं तरी.

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारातून घेतलेलं जुनं ड्रग बुक अजून विकू नका.